सहा मोहरांचा वाडा

गेल्या वैशाखात भालकीला गेलो तेव्हा माझ्या पिशवीत दोन वस्तू होत्या. एक म्हणजे आमच्या वाड्याच्या वाटणीचे कागद. आणि दुसरी, लहानशा विटेएवढे करड्या रंगाचे एक खेळाचे यंत्र. पहिली वस्तू मी मुद्दाम नेली होती. दुसरी निघताना माझ्या धाकट्या बहिणीने हातात ठेवली. "अण्णांना दाखव. त्यांचाही डाव आहे त्यात," एवढेच ती म्हणाली. कागदांचे काय झाले ते मी शेवटी सांगेन. आधी त्या खेळाविषयी सांगितले पाहिजे. कारण आमच्या घरच्या भांडणात वकिलांनी जे समजावले त्याहून थोडे अधिक मला त्या खेळाने समजावले.

मुलांच्या खेळण्याविषयी पोक्त माणसाने वर्तमानपत्रात लिहावे की काय, अशी शंका काही वाचकांना येईल. पण हैदराबादच्या जुन्या मराठी घरांना हा विषय अगदीच परका वाटू नये. आपल्यापैकी कित्येकांच्या घराचे एक दार सुलतान बाजारात उघडते आणि दुसरे भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद अशा कुठल्यातरी गावी. १९५६ च्या १ नोव्हेंबरला निजामाच्या जुन्या राज्याचे तीन तुकडे झाले आणि एकट्या बिदर जिल्ह्याचेही तीन वाटे पडले. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात. माणसे जिथल्या तिथे राहिली, घरे मात्र परराज्यात गेली. तेव्हापासून "आपण इकडे असताना तिकडे घराचे काय झाले असेल?" हा प्रश्न आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. मी ज्या खेळाविषयी लिहितो आहे, त्याची कथा नेमकी याच प्रश्नापासून सुरू होते.

त्या खेळाचे नाव 'सुपर मारिओ लँड २'. उपशीर्षक 'सहा सोन्याच्या मोहरा' अशा अर्थाचे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने तो १९९२ च्या ऑक्टोबरात काढला आणि पुढल्या वर्षी अमेरिकेतून आलेल्या मामाने तो 'गेम बॉय' या यंत्रासह आमच्या घरी आणला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. वडिलांची नोकरी हैदराबादेत, वाडा भालकीत, आणि उन्हाळ्याची सुटी या दोहोंच्या मध्ये. नामपल्लीहून निघालेली गाडी विकाराबादवरून जहिराबाद, बिदर करीत भालकीला पोचेपर्यंत मी आणि बहीण खिडकीची जागा धरून बसत असू. बाहेरची तुरीची आणि ज्वारीची मोकळी शेते पाहण्याकरिता नव्हे. त्या यंत्राच्या काचेला स्वतःचा उजेड नव्हता, म्हणून. ऊन पडले तरच आतले चित्र दिसे. गाडी वळली की ऊन सरके आणि ऊन सरकले की आम्हीही सरकत असू.

उजेड नाही, रंगही नाही. हिरवट पिवळ्या काचेवर करड्या रंगाच्या चार छटा. त्या काळी इतर कंपन्यांची रंगीत हातयंत्रे बाजारात होती. मग हे असे का? याचे उत्तर गुनपेई योकोई या गृहस्थांत आहे. निन्टेन्डो ही १८८९ साली क्योटो शहरात सुरू झालेली पत्त्यांची कंपनी. फुलांची चित्रे असलेले जपानी पत्ते ती छापी. योकोई १९६५ साली तिथे यंत्रांची देखभाल करण्यासाठी लागले आणि पुढे खेळणी करू लागले. आगगाडीत एक कंटाळलेला नोकरदार गणकयंत्राची बटणे उगाच दाबीत बसलेला पाहून त्यांना खिशातल्या खेळाची कल्पना सुचली, असे सांगतात. १९८० साली ती प्रत्यक्षात आली आणि १९८९ साली त्यातूनच गेम बॉय झाला. योकोईंचे म्हणणे असे की, नवे तंत्र महाग असते आणि बेभरवशाचे असते. जे तंत्र जुने होऊन स्वस्त झाले आहे, त्याचाच नवा उपयोग शोधावा. रंग वगळल्याने चार पेन्सिल सेलांवर हे यंत्र दहा-पंधरा तास सहज चाले. रंगीत यंत्रे काही तासांतच सेल खाऊन टाकीत. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून अकरा कोटींहून अधिक यंत्रे जगात खपली.

रंग नसल्याचे नवल बिदरच्या माणसाला तरी वाटू नये. आपल्या बिदरी सुरईत काळा आणि चांदीचा असे दोनच रंग असतात. पण त्या दोहोंत वेल, फूल, पान सगळे ओळखू येते. या खेळातही तसेच आहे. नायकाच्या अंगी आग फेकण्याची शक्ती आली की दूरदर्शन संचावरच्या खेळात त्याचे कपडे पांढरे होत. इथे कपड्यांचा रंग बदलता येत नाही, म्हणून करणाऱ्यांनी त्याच्या टोपीत एक पीस खोवले. अडचणीतून काढलेली एवढीशी युक्ती. पण ती पाहिली की पाहणाऱ्याला बरे वाटते.

आता कथेकडे वळू. मारिओ हा मिशीवाला, जाडसर, टोपी घातलेला इसम. १९८१ साली शिगेरू मियामोतो यांनी त्याला प्रथम उडी मारायला लावले आणि त्यानंतर तो थांबलेला नाही. फळ्या, खांब, विटा, दऱ्या यांवरून उड्या मारीत पुढे जायचे, अशा खेळांचा जो एक वर्गच पुढे निर्माण झाला, त्यातला तो थोरला. घरच्या संचावर त्याचे खेळ मियामोतो करीत. हातातल्या यंत्रावरचे मात्र योकोईंच्या मंडळींनी केले. १९८९ चा 'सुपर मारिओ लँड' हा त्यातला पहिला. सातोरू ओकादा यांनी तो दिग्दर्शित केला. मारिओ सारासालँड नावाच्या दूर देशी जातो, ताटांगा नावाचा अंतराळातला राक्षस मारतो आणि डेझी नावाच्या राजकन्येला सोडवतो. एकंदर बारा टप्पे, चित्रे मुंगीएवढी, हात बसलेल्या मुलाने तासाभरात संपवावा इतका लहान. तरी त्याच्या एक कोटी ऐंशी लाखांहून अधिक प्रती खपल्या.

पहिला भाग इतका चालला की दुसरा काढणे सोपे असते आणि बिघडवणेही सोपे असते. पुन्हा एक दूर देश, पुन्हा एक राजकन्या, आणखी बारा टप्पे, असे करता आले असते. पण कीर्तनात पूर्वरंगाचाच अभंग बुवांनी उत्तररंगात पुन्हा सांगितला तर श्रोते उठून जातील. पूर्वरंगात जो मुद्दा मांडला, त्याची कसोटी उत्तररंगातल्या आख्यानात लागली पाहिजे. हिरोजी कियोताके आणि ताकेहिको होसोकावा या दोन दिग्दर्शकांनी हे ओळखले. त्यांनी पराक्रमी नायकाला विचारले की, बाबा, तू परदेशी राजकन्या सोडवीत होतास, तेव्हा तुझ्या घरी कोण होते?

घरी कोणी नव्हते. म्हणून वारिओ आला.

मारिओची एक गढी आहे. मी गढीच म्हणतो. आपल्या भागात उंच बुरुजाच्या जुन्या घराला जे नाव आहे, तेच त्या घराला शोभते. तो सारासालँडहून परतला तेव्हा गढी दुसऱ्याच्या ताब्यात होती. गावातल्या लोकांवर मंत्र पडला होता आणि तेच आता मारिओच्या अंगावर येत होते. गढीचे दार सहा सोन्याच्या मोहरांनी उघडते आणि त्या मोहरा वारिओने सहा ठिकाणी वाटून टाकल्या होत्या. एक झाडात, एक भोपळ्याच्या भुताटकीत, एक अंतराळात, एक समुद्रातल्या कासवाकडे, एक मारिओच्याच अजस्र यांत्रिक पुतळ्याच्या पोटात, आणि एक अशा एका घरात, जिथे सगळे काही प्रचंड आहे आणि आपण मुंगीएवढे. अंतराळातल्या मोहरेवर पहारा कोणाचा, तर पहिल्या भागातल्या त्याच ताटांगाचा. परदेशी जिंकलेला शत्रू आता घरच्या शत्रूचा चाकर झालेला.

पहिल्या भागात टप्पे एकामागून एक ठरलेले होते. इथे एक नकाशा पुढे येतो आणि सहा दिशांपैकी कुठेही आधी जाता येते. मूळ खेळाच्या आठपट स्मृती या कॅसेटमध्ये घातली होती. टप्पे बत्तीस झाले, माणूस मोठा दिसू लागला, गाजर खाल्ले की त्याच्या टोपीला सशाचे कान फुटत आणि त्या कानांनी तो पिसासारखा हळूहळू खाली उतरे. टप्प्याच्या मध्यावर एक घंटा असे. तिला शिवले की पुढे मेल्यावर तिथून सुरुवात करता येई. शेवटच्या दाराच्या वरही उंचावर एक घंटा टांगलेली असे आणि ती वाजवली तर बक्षिसाचा खेळ मिळे. भालकेश्वराच्या देवळात हात न पोचणारी मुले उड्या मारमारून घंटा वाजवतात, तसे आम्ही मारिओला उडवीत असू.

त्या प्रचंड घराचा प्रदेश आम्हाला सर्वांत आवडे, कारण तो आमचा वाडा होता. भिंतीच्या भेगेतून मुंग्या, पुस्तकांचे डोंगर, आणि शेवटी एक उंदीर. भालकीच्या वाड्यात दुपारी जेवणे झाली की आम्ही ओसरीवर, जिथे छपराच्या फटीतून उन्हाचा कवडसा येई तिथे, पालथे पडून खेळत असू. यंत्र एक आणि डोकी पाच-सहा. खेळणारा एकच, बाकीचे ओरडणारे. आम्ही "उडी, उडी!" म्हणून ओरडायचो, शेजारचा कन्नड शाळेतला मुलगा "हारू, हारू!" म्हणून ओरडे, आणि मागल्या गल्लीतला दर्जीकाकांचा मुलगा "अरे नक्को ना, गिर जाता!" म्हणून कपाळावर हात मारी. त्या 'नक्को'मध्ये मराठी आहे की दखनी, याचा तेव्हा कोणी विचार करीत नसे. खेळाच्या कॅसेटवर जी काही अक्षरे होती ती परक्या भाषेतली आणि मोजकी. त्यामुळे त्या ओसरीवर कोणाची भाषा राज्यभाषा नव्हती. मारिओ तिन्ही भाषांत सारखाच खड्ड्यात पडे.

आमचे अण्णा म्हणजे थोरल्या काकांचे चिरंजीव. ते तेव्हा अठराचे. बिदरला महाविद्यालयात जायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचे. मोठ्या माणसासारखे ते आधी नुसते बघत उभे राहत. मग "आण इकडे" म्हणून यंत्र घेत आणि जेवायला हाका आल्या तरी सोडीत नसत. या कॅसेटमध्ये तीन डाव साठवून ठेवता येत. पहिल्या भागात ही सोय नव्हती. यंत्र बंद केले की सगळे पहिल्यापासून. दुसऱ्या भागात पहिला डाव माझा झाला, दुसरा बहिणीचा आणि तिसरा अण्णांचा. सुटी संपली की आम्ही यंत्र हैदराबादेला नेत असू. पण तिसऱ्या डावाला हात लावायचा नाही, असा आमच्यात नियम होता. पुढल्या उन्हाळ्यात अण्णा जिथे सोडून गेले तिथूनच पुढे खेळत.

या खेळात एक क्रूर नियम आहे. सगळे जीव संपले की मिळवलेल्या मोहरा जातात. सहाही राखणदारांना पुन्हा हरवावे लागते. त्यातून गढीतल्या शेवटच्या टप्प्यात मध्यावर घंटा नाही. बाकीचा खेळ तसा सोपा आहे, किंबहुना जाणत्या खेळाडूला जास्तच सोपा वाटेल. पण त्या शेवटच्या घरात भल्याभल्यांची बोटे थरथरतात. दूर देशी जाऊन राक्षस मारणे जमते, स्वतःच्या घराचा उंबरठा ओलांडणे जमत नाही, असा हा प्रकार आहे.

आणि आत बसलेला वारिओ तरी कोण? त्याचे चित्र कियोताके यांनी काढले. जपानीत 'वारुई' म्हणजे वाईट. त्याला मारिओ जोडला की वारिओ होतो. रोमन लिपीतले मारिओच्या टोपीवरचे पहिले अक्षर उलटे केले की वारिओच्या टोपीवरचे अक्षर होते. तीच मिशी, फक्त टोकदार. तेच पोट, फक्त मोठे. तो परग्रहावरून आलेला नाही, कासवांचा राजा नाही. शेवटच्या लढाईत मारिओने वाटेत जी गाजरे आणि फुले घेतली, तीच तोही वापरतो. म्हणजे या दुसऱ्या भागातला खलनायक म्हणजे भाऊबंदच. अक्षर तेच, फक्त पालथे पडलेले.

आमच्या घरची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. थोरले काका गेले आणि वाड्यात अण्णा एकटे कर्ते उरले. आमच्या वडिलांचे जाणे-येणे आजारपणामुळे कमी झाले. मग हैदराबादेत बातम्या येऊ लागल्या. अण्णांनी पुढच्या दोन खोल्या दुकानाला दिल्या. अण्णांनी जुना सागवानी दरवाजा काढून लोखंडी बसवला. अण्णांनी परसातले लिंबाचे झाड पाडले. प्रत्येक बातमीबरोबर "वाडा बळकावला" हे शब्द आमच्या घरात अधिक मोठ्याने उच्चारले जाऊ लागले. मी आणि बहीण आपसांत अण्णांना वारिओ म्हणू लागलो. प्रथम थट्टेने, पुढे थट्टेवाचून. पत्रे थांबली. लग्नाकार्यात समोरासमोर आलो तर "काय, बरे आहे?" एवढेच. वडील गेल्यावर मी वकिलाकडून वाटणीचा मसुदा करून घेतला. अर्धा वाडा द्या किंवा अर्धी किंमत द्या, असा त्याचा सरळ अर्थ होता.

या खेळाबरोबर एक लहान पुस्तिका येई. तिच्यात कथा दिली होती, आणि ती कोणी तटस्थ निवेदक सांगत नाही. मारिओ स्वतः सांगतो. मी बाहेर असताना या भामट्याने माझे घर घेतले, त्याचा पूर्वीपासून डोळा होता, अशा थाटाची ती कैफियत आहे. लहानपणी मला ती वाचून मारिओची दया येई. मध्यंतरी ती पुस्तिका पुन्हा हाती आली आणि प्रथमच असे वाटले की, अरे, ही एका पक्षाची जबानी झाली! दुसऱ्या पक्षाला कोणी विचारलेच नाही.

नवलाची गोष्ट अशी की, ज्यांनी तो खेळ केला त्यांनाच पुढे दुसऱ्या पक्षाला विचारावेसे वाटले. १९९४ साली तिसरा भाग आला आणि त्याचा नायक वारिओ होता. नायकाला हाकलून खलनायकाला त्याच्या जागी बसवावे आणि मालिकेला पुढे त्याचेच नाव द्यावे, असे धाडस सहसा कोणी करीत नाही. आणि या वारिओला हवे तरी काय? राज्य नको, सूड नको, घर हवे. मारिओच्या गढीहून मोठे असे स्वतःचे घर. त्यासाठी तो चाच्यांच्या बेटावर जाऊन नाणी गोळा करतो, आणि शेवटी त्याच्याजवळ जितकी पुंजी जमली असेल तितके घर त्याला मिळते. पुंजी अगदीच थोडी असेल तर पक्ष्यासाठी करतात तसले खोके. उदंड असेल तर आख्खा ग्रह. पहिल्या भागात घर सोडून गेलेला माणूस, दुसऱ्यात घर गमावलेला, आणि तिसऱ्यात कधी घरच नसलेला, अशी ही तीन खेळांची मालिका मला आता दिसते. करणाऱ्यांच्या मनात एवढे सगळे होते असा माझा दावा नाही. त्यांना मुलांची करमणूक करायची होती आणि ती त्यांनी उत्तम केली. दुसऱ्या भागाच्याही एक कोटी दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. पण चांगल्या खेळात, चांगल्या कहाणीप्रमाणे, करणाऱ्याने न ठेवलेलेही काही सापडते.

असो. भालकीला पोचलो. अण्णांचे केस पांढरे झाले होते. वहिनींनी पाणी दिले, गूळ दिला, भाकरी टाकायला घेतली. कागद काढायला जीभ रेटेना, म्हणून मी आधी ते यंत्र काढले. अण्णांनी ते हातात घेतले, उलटेसुलटे केले, पुसले. घरातल्या कुठल्याशा घड्याळातले आणि टॉर्चमधले मिळून चार सेल जमले. कळ वर सरकवली. तीच टिंग अशी घंटी वाजली. आम्ही दोघेही उन्हाच्या कवडशाकडे सरकलो. कोणी कोणाला सांगितले नाही.

तिन्ही डाव कोरे होते.

याचे कारण साधे आहे. खेळ ज्या चिपेवर असतो तो कायमचा कोरलेला असतो; त्याला वीज लागत नाही. आपण खेळलेले डाव मात्र दुसऱ्या चिपेवर असतात आणि यंत्र बंद असताना ते जिवंत ठेवण्यासाठी कॅसेटच्या आत बटणाएवढा एक सेल बसवलेला असतो. तो पंधरा-वीस वर्षे टिकतो, कधी त्याहून अधिक, मग संपतो. तो संपला की खेळ शाबूत राहतो, पण आपण त्यात काय केले होते ते सारे जाते.

"माझ्या सहाच्या सहा मोहरा झाल्या होत्या," अण्णा म्हणाले.

"नाही अण्णा, पाच. उंदराची राहिली होती. मला चांगले आठवते."

"अरे, उंदीर तर मी पहिल्या उन्हाळ्यातच मारला! दर्जीकाकांचा पोरगा होता ना साक्षीला."

आम्ही दोघे अर्धा तास यावर भांडलो. कित्येक वर्षांत एवढे मोकळे भांडलो नव्हतो. पुरावा कुणाजवळच नव्हता. मी पाच म्हणत होतो आणि ते सहा. दोघेही शपथेवर सांगायला तयार होतो, आणि दोघांपैकी एकजण नक्कीच चुकत होता. बोलता बोलता माझ्या मनात आले की, वाड्याविषयी माझ्या मनात जे पक्के आहे, ते तरी कुठल्या सेलावर टिकून आहे?

मग मी कागद काढले. त्यासोबत आजोबांचे जुने खरेदीखतही होते. ते निजामाच्या काळचे, उर्दूत. नवे नोंदीचे कागद कन्नडमध्ये. मला दोन्ही वाचता येत नाहीत. मला फक्त वडिलांची मराठी पत्रे वाचता येतात. अण्णांनी तिन्ही वाचून दाखवले, अडखळत नाही, चष्मा पुसत पुसत. जो घरी राहिला त्याला घराच्या सगळ्या भाषा येत होत्या. मग त्यांनी मला वाडा फिरवून दाखवला. दरवाजाला वाळवी लागली होती. लिंबाचे झाड मागच्या भिंतीत शिरले होते. मधल्या खणाची तुळई एका पावसाळ्यात खचली. ती बदलायला पैसे हवे होते, म्हणून पुढच्या खोल्या दुकानाला दिल्या. "तुम्हाला लिहायचे होते," ते म्हणाले. 'तुला' नव्हे, 'तुम्हाला' म्हणाले. "पण काका आजारी. वाटले, पैसे मागतो असे होईल."

मी त्यांना सोडवायला पाहिजे होते ते कोडे एवढेच होते, आणि ते एका पोस्टकार्डाने सुटले असते. अर्थात अण्णांचेही सगळे बरोबर होते असे नाही. दुकानाच्या भाड्याचा एक पैसा त्यांनी कधी कळवला नव्हता, आणि ते त्यांनी कबूल केले. मीही कबूल केले की, तीस वर्षांत मी एक कौल फेरायला गेलो नाही. हक्क आठवला, पावसाळा आठवला नाही.

वाटणी झाली, पण वकिलाच्या मसुद्याप्रमाणे नव्हे. पुढचा भाग अण्णांचा. मागची दोन दालने आणि आड आमच्याकडे. मधला खण आणि देवघर सामाईक. दोन्ही घरच्या माणसांनी नवरात्राला तिथे यायचे आणि तुळईचा खर्च यापुढे निम्मा निम्मा. कन्नडमधल्या त्या दस्तावर मी सही केली ती अण्णांनी वाचून दाखवलेल्या मराठीवर विश्वास ठेवून. आमच्या घरात इतक्या वर्षांत कोणी कोणावर टाकलेला तो पहिला विश्वास म्हणावा लागेल.

परतताना बिदरला मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका मुलाकडे अण्णांची धाकटी मुलगी मला घेऊन गेली. तिनेच कॅसेट उघडवली, जुना सेल काढून नवा झाळून घेतला. आता ती आणखी काही वर्षे लक्षात ठेवील. हा खेळ २०२३ पासून निन्टेन्डोच्या नव्या यंत्रावरही खेळता येतो आणि तिथे असला सेल लागत नाही, हे मी तिला सांगितले. पण तिला हाच हवा होता. यंत्र मी तिच्याकडेच ठेवून आलो.

परवा तिचा फोन आला. पहिला डाव तिने स्वतःसाठी घेतला आहे. दुसरा माझ्या मुलाकरिता रिकामा ठेवला आहे. तिसऱ्यावर अण्णा रोज दुपारी ओसरीवर बसतात. पाच मोहरा झाल्या. उंदराची राहिली आहे.